हैबतीबाबा आणि हिरडवणचं खळं

फार वर्षांपूर्वी, डांबराची सडक घाटाच्या पायथ्याशीच संपत होती तेव्हा, हिरडवण नावाच्या डोंगरगावात हैबती बांडे नावाचा एक राखणदार होता. रानडुकरं भाताला लागली की तो मचाणावर उभा राहून हाळी द्यायचा. ती हाळी तीन डोंगर ओलांडायची आणि चौथ्या डोंगरावरची डुकरंसुद्धा शेपूट घालून पळायची, असं म्हणतात.

मग निवडणूक आली. गावातली म्हातारी हौसाबाई म्हणाली, "आपलं गाऱ्हाणं घाट उतरेस्तवर दमतंय. या हैबतीला पाठवा. याचा आवाज तरी मुंबईपर्यंत जाईल." माणसं हसली, पण सगळ्या खोऱ्यानं शिक्का मारला तो हैबतीच्याच नावावर.

तर असा हैबती आमदार झाला. खांद्यावरची घोंगडी तशीच ठेवून तो विधानसभेत गेला. डुकरांनी चावलेली भाताची लोंबी त्यानं उंच धरली आणि नुकसानीचं विचारलं. तो बोलला तेव्हा मंत्र्यांच्या पुढ्यातल्या पेल्यांतलं पाणी हललं, असं म्हणतात. दुसऱ्या खेपेला तो जमिनीवर बोलला. सरकारी हद्दीच्या पांढऱ्या दगडांनी लोकांची नाचणीची शेतं गिळली होती. हैबती बोलला, आणि पंधरवड्यात एका सकाळी माणसं बघतात तर दगड आपल्या पायांनी चालत ओढ्यापलीकडे जाऊन उभे! मोजणीदार आले असतील, नकाशे उलगडले असतील, कुणी सांगावं. खोऱ्यात मात्र दगड चालले असंच सांगतात.

लोक त्याला हैबतीबाबा म्हणू लागले. कुणाचं काही अडलं की बाबा म्हणायचा, "तुम्ही गप बसा. बोलायचं मी बघतो." माणसं गप बसत गेली. पुढे पुढे तर डुकरं हाकायलाही कुणी तोंड उघडीना. आपला बोलणारा आहे की मुंबईत! हैबतीबाबालाही ते गोड लागायचं. मचाणावर एकटा बसणारा माणूस तो; एवढे लोक ऐकतात याचं त्याला अप्रूप होतं. त्याचं चुकलं ते इथंच. पण तेव्हा ते कुणाला कळलं नाही, त्यालाही नाही.

हिरडवणला दवाखाना नव्हता. आजारी माणसाला डोलीत घालून पाऊलखिंडीतून चार तास खाली न्यायचं. खिंडीपर्यंत डोली जायची आणि पुष्कळदा तिथूनच परत यायची. हैबतीबाबा सहा वर्षं दवाखान्यावर बोलला. सातव्या वर्षी मंजुरी आली. जागा तेवढी गावानं द्यायची होती. हिरडवणला सपाट जागा एकच, सगळ्या गावाच्या मळणीचं खळं.

गावकी बसली. हिरडवणच्या गावकीची रीत जुनी होती. प्रश्न मांडायचा आणि विचारायचं, "हरकत कुणाची?" हरकत असेल त्यानं उभं राहायचं. जो बसून राहिला, त्यानं मानलं. बसलेल्या माणसाचा शब्द देवाच्या शब्दासारखा. तो पुन्हा फिरत नाही. त्या दिवशी खळ्यासाठी एकही माणूस उठला नाही. हौसाबाईचे तर गुडघे आखडले, तरी ती उठेना. म्हणाली, "उठले तर दवाखाना जाईल माझ्या मेलीमुळं."

पंधरा दिवसांनी सरकारी साहेब येणार होते, गावाची संमती लिहून घ्यायला. हैबतीबाबानं निरोप धाडला, "मी येतोच. साहेबासमोर कुणी तोंड उघडू नका."

तो निघाला सकाळीच. वाटेत बाजारगावात लोकांनी त्याला अडवलं, हार घातला आणि म्हणाले, "बाबा, दोन शब्द." हैबतीबाबा चौथऱ्यावर चढला. हिरड्याच्या भावावर बोलला, बियाण्यावर बोलला, पाण्यावर बोलला. तो बोलत होता तोवर झाडावरचे कावळेही उडाले नाहीत, असं म्हणतात. दोन शब्दांना दोन तास लागले.

तो खळ्यावर पोचला तेव्हा उन्हं कलली होती. गावचा कोतवाल कोंडू एकटाच मधल्या खुंटाला टेकून बसला होता.

"साहेब कुठंयत, कोंड्या?"

"गेले की. लई रागीट माणूस बाबा. पण गाव तुमच्या शब्दाबाहेर गेलं नाही. एक माणूस उठला नाही की एकानं तोंड उघडलं नाही!"

"मग लिहून घेतलं ना?"

"घेतलं. पयल्यांदा म्हणाले, ज्यांना दवाखाना हवा त्यांनी हात वर करा."

"केलात?"

"कशाला करू? हात वर करतो तो भांडायला उठलेला. आम्ही आपले बसून होतो, चांगली मांडी घालून. त्यांनी तीनदा विचारलं. आम्ही तिन्ही वेळा बसूनच."

"अरे, एकानं तरी सांगायचं त्यांना आपली रीत!"

"बाबा, तुम्हीच म्हणाला होता ना, तोंड उघडू नका?"

साहेबांनी कागदावर लिहिलं होतं, गावाची संमती नाही.

दवाखाना दुसऱ्या खोऱ्यात गेला. हैबतीबाबानं कचेऱ्या पालथ्या घातल्या. जो तो तोच कागद पुढे करायचा आणि म्हणायचा, "आमदारसाहेब, तुमच्या गावालाच नको होता."

पुढल्या श्रावणात कोंडूची लेक येसू बाळंतपणाला माहेरी आली होती. दीड दिवस अडली. शेवटी डोली निघाली. पुढच्या दांडीला कोंडू, मागच्या दांडीला स्वतः हैबतीबाबा. पाऊलखिंडीत ओढा चढला होता, पलीकडे जायला वाट नव्हती. येसूनं डोळे उघडले आणि ती म्हणाली, "बाबा, तुम्ही हाळी द्या ना. तुमची हाळी डाक्टरला ऐकू जाईल."

हैबतीबाबानं हाळी दिली. अशी हाळी त्यानं जन्मात दिली नव्हती. कड्यावरचे दगड सुटले, ओढ्याचं पाणी घटकाभर थांबलं, आणि खिंडीनं ती हाळी सात वेळा परत धाडली, असं म्हणतात. सातही वेळा ती त्याच्याकडेच परत आली. ओढा उतरला तेव्हा येसू नव्हती, आणि तिचं बाळही नव्हतं.

कोंडू त्याला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं हैबतीबाबाला वाटत राहिलं. पण त्या गावाला गप बसायला त्यानंच शिकवलं होतं.

पुढच्या अधिवेशनात तो बोलायला उभा राहिला. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. आवाज खिंडीतच राहिला होता. मग त्यानं उजवा हात वर केला आणि तसाच उभा राहिला. सभागृह थांबलं. अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्य, खाली बसा." तो बसला नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले. शेजारच्यानं घोंगडी धरून ओढली. त्या सभागृहात कुणाला काय ठाऊक, की हिरडवणचा माणूस बसला म्हणजे त्यानं मानलं?

त्यानंतर त्याला कुणी बसलेलं पाहिलं नाही, असं म्हणतात. तो जेवायचाही उभ्यानं. म्हातारपणी खळ्याच्या खुंटाला टेकून असायचा. एका सकाळी कोंडू भाकरी घेऊन गेला तर खुंटाशी फक्त घोंगडी होती, तीही उभी.

आता घाटाच्या पायथ्याशी दवाखाना आहे. हिरडवणच्या खळ्यावर तो झाला नाही, आणि त्या खळ्यावर पुन्हा कुणी मळणीही केली नाही. भातं घरात आली की वर्षातून एकदा गाव तिथं जमतं. त्या दिवशी कुणी खाली बसत नाही. म्हाताऱ्यांना दोघं दोघं धरून उभं करतात. प्रत्येकानं आपलं गाऱ्हाणं स्वतःच्या तोंडानं मोठ्यानं सांगायचं असतं. लहान पोरंही सांगतात, आणि ज्याला बोलता येत नाही तो दगडावर दगड आपटतो. सगळ्यांचं झालं की कोंडूच्या वंशातला कोतवाल पुढे येतो आणि खिंडीकडे तोंड करून विचारतो, "दवाखाना हवा कुणाला?"

आणि सगळं गाव हात वर करतं. हात बराच वेळ खाली येत नाहीत. लिहून घेणारं कुणी नसतं, तरीही.