डोईवरचे ढेकूळ

श्रीचिंतोपुरी महाराज चिलारवाडीला आले, तो दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. गायरानात पूर्वापार गावातल्या कुणाचेही जनावर चरायचे. त्याला हैबतराव पाटलांनी काटेरी कुंपण घातले, शिवेचे सातही दगड उपटून ओढ्यात टाकले आणि जमीन आपलीच म्हणून सांगितले. बळी तो कान पिळी, दुसरे काय! आत गवत वाळत होते आणि बाहेर मेंढ्या मरत होत्या.

आंधळी धुरपाबाई धनगरीण रोज कुंपणापाशी येऊन बसे आणि गायरानावरचा आपला हक्क सांगे. चाळीस मेंढ्यांतल्या बाराच उरल्या होत्या.

"म्हाराज, आज माझी लाडी मेंढी बी ग्येली," ती रडत म्हणाली. "हाताखाली थंड झाली वो!"

कुंपणाआत उभे असलेले पाटील हसले. "हक्क हाय म्हणतीस न्हवं? मग जुन्या रीतीनं डोईवर गायरानाचं ढेकूळ घिऊन शीव चाल. दगड हुते तितं थांबायचं. चुकलीस तर हक्क सोडायचा!"

आंधळीला शीव चालायला सांगितली, तरी गाव खाली मान घालून उभा राहिला. हे सांगताना आजही लाज वाटते.

"मला दिसत न्हाई, म्हाराज."

महाराज म्हणाले, "बाई, ते दगड आता डोळसाला तरी कुठे दिसतात? तू चाल." आणि त्यांनी स्वतः ढेकूळ तिच्या डोईवर ठेवले.

ती निघाली, मागून अकरा मेंढ्या. एके जागी ढेकूळ एकाएकी इतके जड झाले की तिचे पाऊल उचलेना.

"हितं," ती म्हणाली.

"कशावरनं?" पाटील गुरकावले.

"खणा," महाराज म्हणाले.

हातभर खाली कोळसे निघाले! शिवेच्या दगडाखाली कोळसे पुरायची वाडवडिलांची रीत, कारण कोळसा कुजत नाही. दगड उपटणारे पाटील नेमके तेच विसरले होते. सातही जागी ती थांबली, सातही जागी कोळसे निघाले. धन्य महाराज!

ढेकूळ उतरवायला पाटील पुढे झाले, तर त्याच्या भाराने ते गुडघ्यांवरच आले. त्यांनी महाराजांचे पाय धरायला हात पुढे केले, पण महाराज मागे सरले.

"माझे नव्हेत."

पाटलांनी धुरपाबाईच्या पायांवर डोके ठेवले. "चुकलो, बाई. कुंपण आत्ताच काढतो."

"उठा, पाटील," ती म्हणाली. "गवात मिळालं. पर माझी लाडी आता कुठनं आणू?"

महाराजांच्या डोळ्यांना धार लागली. पाटलांनी डोके वर उचलले नाही.