गुरुजींच्या नावाचं पत्र

हिवरटोक गावात हुंबे गुरुजी राहत. तीस वर्षं त्यांनी मुलांना मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते ईमेल करायला शिकले. दर दिवाळीला जुन्या विद्यार्थ्यांना त्यांचं पत्र जाई. मुलं वाचून खूश होत. उत्तर लिहायचं मात्र राहून जाई.

एका सकाळी लातूरहून तबस्सुमचा फोन आला. ती त्यांची विद्यार्थिनी. आता दवाखान्यात नर्स होती.

"गुरुजी, तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत! आत्ताच दोन भाकरी खाल्ल्या. का गं?"

"तुमचा मेल आलाय. 'मी आजारि आहे, लगेच पैसे पाठव, फोन करू नको.' तुम्ही 'आजारी'तली री ऱ्हस्व लिहाल होय? म्हणून मुद्दाम फोन केला."

गुरुजींना एकदम आठवलं. परवाच त्यांना एक मेल आला होता: तुमचं खातं बंद होणार आहे, इथे पासवर्ड भरा. त्यांनी भरला होता. त्याच पासवर्डने कुणा चोराने त्यांचं खातं उघडलं आणि त्यांच्या नावाने सगळ्यांना पत्रं धाडली.

तबस्सुमने फोनवरूनच एकेक पायरी सांगून पासवर्ड बदलून घेतला. गुरुजींना वाटलं, आता गप्प बसावं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आपली चूक गावभर कशाला सांगायची?

त्यांची पत्नी शेवंताबाई म्हणाली, "अहो, लाज त्या चोराला वाटू द्या. तिकडे एखादं लेकरू फसत असेल."

गुरुजी उठले. नंबरांची वही काढली आणि एकेकाला फोन लावू लागले. "बाळा, मी फसलो. माझ्या नावाचं पत्र खोटं आहे." पहिल्यांदा त्यांचा आवाज कापला. पुढे पुढे तो खणखणीत झाला.

त्यांचा जुना विद्यार्थी महालिंग कोरे तर पैसे पाठवायला बँकेच्या रांगेत उभा होता. गुरुजींचा आवाज ऐकून तो आधी रडला, मग मोठमोठ्याने हसला. "गुरुजी, तुम्ही बरे आहात, मग सगळं मिळालं!" कुणाचाच रुपया गेला नाही.

त्या दिवसापासून गुरुजींचा फोन थांबेना. ज्यांनी वर्षानुवर्षं उत्तर दिलं नव्हतं, तेही तासतासभर बोलले. रविवारी चाळीस जण घरीच आले. महालिंगने जिलेबीची परात आणली. ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

तबस्सुम हसत म्हणाली, "गुरुजी, चोराचे आभार मानायचे का?"

"मुळीच नाही! आभार तुझे. पत्रावर माझं नाव होतं, तरी तू मला विचारलंस," गुरुजी म्हणाले आणि पहिली जिलेबी त्यांनी तिच्या हातावर ठेवली.

तात्पर्य: निरोप ओळखीच्या नावाने आला, तरी त्या माणसाला विचारून खात्री करावी, आणि आपण फसलो तर लपवू नये, सांगून टाकावं, म्हणजे दुसरा वाचतो.