चौखांदीची रिकामी तिरडी

कोंढरी गावावरच्या खिंडीला चौखांदी म्हणतात. तिथे देऊळ नाही, मूर्ती नाही. एक सपाट कातळ आहे, आणि चैत्र अमावास्येला त्यावर बांबूची रिकामी तिरडी ठेवलेली असते. नवखा पाहुणा ती बघून चरकतो. मग म्हातारे धाकू गुरव त्याला सावलीत बसवतात आणि राहीची हकिगत सांगतात.

फार मागे, दुष्काळात, या खिंडीत एक वाटसरू मरून पडला, असे सांगतात. अंगावर लंगोटीखेरीज काही नव्हते. जात कळेल अशी एकही खूण नव्हती, आणि सगळे गाव तिथेच अडले. गाव काही दुष्ट नव्हते हो. आपल्यातला निघाला असता तर उचलायला प्रत्येक आळी तयार होती. फक्त आपला आहे की नाही, हे आधी कळायला हवे होते.

गावाच्या कडेला राही नावाची बाई एकटीच राहायची. तिचा नवरा मसू डाव्या पायाने लंगडा. तसाच पाय ओढत तो पोट भरायला कोकणात उतरला, त्याला वर्ष होत आले होते. निरोप नाही, सांगावा नाही. राही रोज कुंकू लावायची आणि रोज खिंडीच्या वाटेकडे बघायची. खिंडीवर गिधाडे फिरू लागली तशी तिच्याने राहवेना. ती पाटलांपुढे जाऊन उभी राहिली.

"पाटील, त्याला खाली न्या. गिधाडं टपल्यात."

"कुणाचा कोण, ठावं न्हाई राही. साऱ्या गावाला इटाळ व्हायचा."

"माझा धनी बी कुठं असाच पडला असंल, तर तिथलं लोक बी हेच इचारत बसलं असतील का वं?"

पाटलांनी मान फिरवली. राही घरी आली, झोपडीच्या दाराची फळी उचकटली आणि ओढत खिंडीत घेऊन गेली. त्या परक्या माणसाला तिने फळीवर घेतले, दोराने बांधले आणि भर उन्हात ओढायला लागली.

सपाटीवर जमले. पण उतार लागला तशी फळी घसरू लागली. राहीने मागचा एक कोपरा खांद्यावर घेतला आणि डोळे मिटले, आता दोघेही दरीत जाणार म्हणून. तेवढ्यात म्हणे फळी उचलली गेली. बाकीचे तीनही कोपरे अधांतरी, आणि फळी जराही कललेली नाही. पुढे कोणी दिसत नव्हते. पण दगडांवर तिघांची पावले वाजत होती, आणि त्यांतल्या एकाचे एक पाऊल टेकत होते, दुसरे फरफटत होते.

राहीने ते पाऊल ओळखले. तिने हाक मारली नाही, की खांदा सोडला नाही. मसणवटीत फळी टेकवली, त्या माणसाला अग्नी दिला, आणि मग तिथल्याच दगडावर आपल्या बांगड्या फोडल्या. आपला माणूस कुणाच्याही खांद्यावाचून गेला, हे तिला त्या वाटेवर कळले होते.

गाव हे सगळे लांबून बघत होते. लाज वाटली, असे गुरव सांगतात. त्या काळी लाज वाटायची. गावाने कातळावर हात ठेवून शपथ घेतली, की मढ्याला जात विचारायची नाही, घरटी एक खांदा द्यायचा. त्याची आठवण म्हणून ही तिरडी.

आजही ती गावातून कातळापर्यंत निघते. पुढे ढोल-ताशा, वर ड्रोन, आणि पहिल्या खांद्याला पुढारी, फेटा बांधून. गेल्या साली त्याच दिवशी खिंडीतल्या बसथांब्यापाशी कुणी मजूर सकाळपासून निपचित पडला होता. पिऊन पडला असेल, कशाला लफड्यात पडा, म्हणत लोक वळसा घालून गेले. मिरवणुकीच्या फोटोत येऊ नये म्हणून कार्यकर्त्यांनी त्याच्यावर स्वागताचा एक फ्लेक्स टाकला. संध्याकाळी पोलिसांची गाडी त्याला घेऊन गेली. तोवर कातळापाशी भाषण झाले होते. आमच्या कोंढरीत आजही कुणी कुणाला जात विचारत नाही, असे पुढारी म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

ते खोटे बोलले नाहीत, गुरव सांगतात. त्या माणसाला कुणी काहीच विचारले नव्हते.