मोडलेला सोमवार

धान्य अजून बांबूच्या कणगीत साठवत, तेव्हाची ही गोष्ट. कणगीखालचा एक उंदीर जोंधळे खाऊन खाऊन इतका फुगला की एकदा बिळाच्या तोंडातच अडकला आणि मांजराने त्याची अर्धी शेपटी नेली. शेजारची चिचुंद्री म्हणाली, "दाणे सोड, माझ्यासारखा तूही किडे खा."

त्याने एका सोमवारी नेम धरला आणि चांगला सडसडीत झाला. मग एके दिवशी चुकून एक दाणा तोंडात गेला.

"नेम मोडला! आता एक काय नि शंभर काय! येत्या सोमवारपासून पुन्हा." माणसांच्या घरात राहून त्याला माणसांचीच अक्कल आलेली. तो कणगीत शिरला. त्या सोमवारीही मिशीला चिकटलेला दाणा पोटात गेला, म्हणून पुढचा सोमवार ठरला.

चिचुंद्री फिस्कारली, "अरे टोणग्या, ठेच लागली म्हणून उरलेली वाट कोणी लोळत जातं का? पुढचा घास किड्याचा घे, झालं!"

"मोडलेला उपास मध्येच जोडत नाहीत," उंदीर ढेकर देत म्हणाला.

तेवढ्यात मांजर आलं. उंदीर बिळाकडे धावला आणि कमरेत अडकला.

"सोमवारपासून नक्की!" तो आतून ओरडला.

"मी वार पाळत नाही," मांजर म्हणालं.