खैरबोडीचा चितळ

"...मग यातली कोणती घेऊ, ते सांगाल की नाही?"

रंगरावाने तिसऱ्यांदा विचारलं. आठ गावांच्या मालगुजाराचा हा धाकटा मुलगा. कोणाला तिसऱ्यांदा काही विचारायची पाळी त्याच्यावर आजवर आली नव्हती.

सोमाबाबा कुमरे चुलीपुढे बसून जाळ फुंकत होते. शिकारीचे परवाने मिळायचे, त्या काळची ही गोष्ट. तालुक्यातले सगळे जुने शिकारी बाबांच्या हाताखालून गेलेले. पण बारा वर्षांमागे त्यांचा मुलगा लखू खैरबोडीच्या तळ्यावर आपल्याच बंदुकीने गेला, आणि तेव्हापासून म्हाताऱ्याने ना बंदूक धरली, ना कोणाला शिष्य केलं.

रंगरावाला मात्र ते नाही म्हणाले नव्हते. खैरबोडीवर भर दुपारी पाण्याला येतो तो चितळ एका गोळीत पाड, मग बघू, एवढंच म्हणाले होते. झालं! पठ्ठ्या तेव्हापासून हवेत होता. गावजेवणाचं आमंत्रणसुद्धा देऊन मोकळा झाला होता, शहाणा.

घोंगडीवर त्याची नवी रायफल होती. खालची कडी पुढेमागे केली की नवं काडतूस वर चढणारी. शेजारी दोन डबे. एकातल्या गोळ्या शिशाच्या, चपट्या तोंडाच्या. दुसऱ्यातल्या टोकदार, चकचकीत. नागपूरच्या दुकानदाराने चारदा सांगितलं होतं, मालक, या रायफलीला चपटीच न्या. पण ऐकेल तो रंगराव कसला! टोकदार गोळी लांब जाते आणि सरळ जाते, असं त्याने कुठल्याशा कॅटलॉगात वाचलं होतं.

"हीच ना?" त्याने टोकदार उचलून दाखवली.

"नळीत कशी बसते ते?" बाबांनी विचारलं.

"एकामागे एक. मोठ्या नळीखालच्या बारीक नळीत."

"मंग हिचं टोक कुठी टेकते?"

"पुढच्या काडतुसाच्या बुडाला."

"आन् घोडा कुठी पडते?"

घोडाही बुडावरच्या त्या इवल्याशा टोपीवरच पडतो, तेव्हाच बार उडतो, आणि धक्क्याने टोकही तिच्यावरच आदळू शकतं, हे त्याला माहीत नव्हतं थोडंच! पण म्हाताऱ्याने आपली शाळा घ्यावी, याचाच त्याला राग आला. इतकं काही होत नसतं म्हणाला, आणि सात टोकदार काडतुसं त्याने एकेक करून नळीत सारली.

बाबांनी फुंकणी खाली ठेवली. जुनी लोखंडी नळी होती ती, एका टोकाला फाटून उकललेली. रंगरावाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"चाल पुढं," बाबा म्हणाले. "मांगं पाहू नको."

कुंपण ओलांडलं आणि मानेला काहीतरी टोचलं. बाभळीचा काटा असावा. पण तो सोबतच येत राहिला, तेव्हा बाबा मागून आलेत आणि आपली परीक्षा घेताहेत, हे त्याने ओळखलं. मनातल्या मनात हसलाही.

दोनशे पावलं झाली. टोक मानेवरून हटेना.

"पुरे की, बाबा."

सागाच्या वाळल्या पानांवर त्याची पावलं वाजत होती, आणि त्याच तालात मागून आणखी दोन. तो थांबला की तीही थांबत.

तळ्यावर चितळ उभा होता. तीस पावलांवर, सगळं अंग उघडं. पळाला नाही, दचकला नाही. मान वर करून तो बघत होता, पण रंगरावाकडे नाही. त्याच्या खांद्यावरून, मागे.

रंगरावाने कडी ओढून रायफल खांद्याला लावली. मानेवरचं टोक आत रुतलं, आणि काहीतरी ऊन ऊन पाठीवरून ओघळलं. आता खरंच भीती वाटली त्याला, लहानपणी विहिरीत पडला होता तेव्हा वाटली होती तशी. नळीतली टोकं त्याला डोळ्यांपुढे दिसायला लागली, प्रत्येक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं.

त्याने रायफल खाली घेतली. कडी ओढली. पुन्हा ओढली. एकेक काडतूस पानांत पडत गेलं... सातवं पडलं तेव्हा मान मोकळी झाली.

तो गर्रकन वळला. मागे कोणी नव्हतं. तळ्याकाठच्या मऊ धुळीत माणसाच्या पावलांची एकच ओळ उमटली होती, त्याच्या बुटांची.

रायफल कशीबशी सावरत तो धावत झोपडीत आला. बाबा चुलीपुढे तसेच बसले होते, तसेच मांडी घालून.

"माझ्या मागं तुम्ही होतात ना?"

"मी उठलोच नाही."

"मग कोण...?"

बाबांनी फुंकणी त्याच्या हातात दिली. रंगरावाने ती उलटसुलट केली. मग आपल्या रायफलीकडे बघितलं, मोठ्या नळीखालच्या बारीक नळीकडे. तीच जाडी, तीच लांबी, फक्त बार उडून फाटलेली. तो तिथंच खाली बसला. गावजेवण, चितळ, सगळं कुठल्या कुठे गेलं.

बाबांनी फुंकणी परत घेऊन चुलीशी ठेवली.

"तू तीनदा इचारलं, बापू... लखूनं एकदाच इचारलं होतं. आन् मी सांगतलंच नाही."