ठकूबाईचा मेंढा

"गवत गुडघ्याएवढं उभं आहे आणि जनावरांना कडबा? ही कसली दया, बाबा?"

विचारणारा दस्तगीर. शहरात कॉलेज करून दर्ग्यावर शिष्य म्हणून राहिलेला. उत्तर येईपर्यंत थांबायची त्याला सवय नव्हती.

मदारशा फकीर कडब्याची पेंढी सोडत होते. यंदा पाऊस असा लागला होता की दर्ग्यामागचं कुरण दाटून आलं होतं. नवसाची मेंढरं कुंपणाशी ओरडत होती. पण बाबांचा नियम मोडत नव्हता. अशा दिवसांत आधी कोरडा कडबा. मग दव सुकल्यावर, थोडा वेळ, हिरवं.

"मागच्या साली पाऊस नव्हता," दस्तगीर म्हणाला. "उरुसाच्या कंदुरीच्या जेवणात मटण चिवट निघालं. जेवणारे हसले. यंदा अल्लानं भरभरून दिलंय, तर तुम्ही आडवे येता."

"चिवट होतं. चव होती का?"

"...होती."

"पावसाचं गवत पोट भरतं. मांस भरत नाही. ते नंतरचं ऊन भरतं. गवताला दाणा येऊ दे."

"तोवर त्यांनी नुसतं बघत राहायचं? समोर पुलाव असताना तुम्ही कोरडी भाकरी खाल?"

"तुझ्या हातचा पुलाव असेल तर भाकरीच खाईन," बाबा म्हणाले.

दस्तगीर हसला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा नमाजाला उभे राहिले, आणि त्यानं कुरणाचं फाटक उघडलं. भुकेल्याला अडवायचं नाही, एवढं साधं त्याच्या मनात होतं.

सगळ्यांच्या पुढे ठकूबाईचा मेंढा. नातू तापातून उठावा म्हणून तिनं तो नवसाला बोलला होता. नातू उठला. हातानं पाला चारून वाढवलेला मेंढा तिनं पावसाळ्यापुरता दर्ग्यावर ठेवला होता, उरुसाची वाट बघत.

मेंढ्यानं ओल्या गवतात तोंड घातलं ते वर काढलंच नाही.

ऊन चढेपर्यंत ओल्या चाऱ्यानं पोटात वायू धरून त्याची डावी कूस ढोलासारखी फुगली. बाबा धावले. बाकीची मेंढरं हाकलून बाहेर काढली, मेंढ्याचा जबडा उघडून तेल ओतलं.

मेंढ्यानं पाय झाडले... आणि मग ते कायमचे थांबले.

दस्तगीर मेंढ्याजवळ बसला.

"पण... त्यानं तर फक्त खाल्लं."

बाबांनी तेलाचं भांडं खाली ठेवलं.

गुरुवार होता. गुरुवारी ठकूबाई यायचीच. ती काठी टेकत दर्ग्याचा चढ चढून आली, आणि मेलेला मेंढा बघून तिथंच उभी राहिली.

"कसं झालं, बाबा?"

दस्तगीरनं तोंड उघडलं. बाबा आधी बोलले.

"माझ्या हातून झालं, बाई. फाटक मी उघडलं."

दस्तगीर बघतच राहिला. ज्या माणसाला त्यानं कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं, तो माणूस सरळ तिच्या डोळ्यांत बघून बोलला होता.

दस्तगीरनं उघडलेलं तोंड मिटलं.

"तुमी?" ठकूबाईनं विचारलं. "आमाला सांगत फिरायचा, ओलं देऊ नगा, ओलं देऊ नगा. आन् तुमीच?"

बाबा मान खाली घालून उभे.

"नवस फिटायचा ऱ्हायला माझा. पोराला पुन्यांदा काय झालं तर?... तुमच्यावर सोडून गेल्ते मी मेंढ्याला."

ती खाली बसली. मेंढ्याच्या कपाळावरून एकदा हात फिरवला. मग उठली.

"आता तुमची पायरी चढायची न्हाई मी."

ती उतरू लागली. मागे वळली नाही.

दस्तगीर बाबांजवळ आला.

"तुम्ही... माझ्यासाठी खोटं बोललात?"

"मी बोललो तेव्हा तुला कसं वाटलं?"

"ते राहू द्या. मी विचारतोय ते..."

"कसं वाटलं?"

दस्तगीरनं खाली बघितलं. मेंढ्याच्या ओठाला हिरवा फेस होता.

"हलकं," तो म्हणाला. "बरं वाटलं."

बाबांनी मेंढ्यावर गोणपाट ओढलं. खाली उतारावर ठकूबाई अजून दिसत होती. म्हातारी. हळू चालत होती.

"सकाळी ओलं गवत खाताना त्यालाही बरंच वाटलं असेल."