थोरलीची खंडेनवमी

"मग आता थोरलीला बंद कशाला करायचं, सर?"

आमच्या हेमांगीनं हे विचारलं तेव्हा नेवाळकर सर झेंडूच्या माळेचा गुंता सोडवत बसले होते. सर आमचे साहेब, नुकतेच निवृत्त झालेले. पण खंडेनवमीला मशीनची पूजा त्यांनीच करायची, हा आमच्या सांगलीच्या ऑफिसचा शिरस्ता होता.

थोरली आणि धाकटी ही आमची दोन मशिनं. आम्ही तयार केलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर थोरलीत जमा व्हायचं आणि तिथूनच गावोगावच्या औषधदुकानांत जायचं. आमचं कोठारच म्हणा ना! खंडेनवमीला अवजारानं विश्रांती घ्यायची, म्हणून सर त्या दिवशी थोरलीला हळदकुंकू लावून बंद करायचे आणि दिवसभराचं काम धाकटीवर चालवायचे. त्याआधी सगळा माल हातानं धाकटीत उतरवायचा. काही ना काही राहायचंच. मग काय, खंडेनवमीलाच शिमगा! एकमेकांवर खेकसायचं आणि वर सरांचे पेढे खायचे. अजून आठवलं की गलबलतं मला.

यंदा हेमांगीनं तो घोळच संपवला होता. थोरलीत पडलेली वस्तू आता त्याच क्षणी धाकटीत जायची. थोरली कोलमडली तर धाकटी आपोआप तिची जागा घेणार होती, माणूस लागणार नव्हता. या कामगिरीवरच दसऱ्यापासून, म्हणजे उद्यापासून, सरांची रिकामी खुर्ची तिला मिळायची होती.

"बंद करून पाहिलंस?" सरांनी विचारलं.

"चांगली चाललीये ती. सुखातला जीव दुःखात कशाला घालायचा?"

"हं…"

सरांनी माळ घातली, नारळ ठेवला.

"झाली पूजा. निजव तिला."

हेमांगी बटणापर्यंत गेली. हात मागे आला.

"सर, दुकानं चालू आहेत."

"उद्याही असतील."

शेवटी सरांनीच बटण दाबलं.

थोरलीची घरघर थांबली. धाकटी मात्र ढिम्म. आणि पलीकडच्या हॉलमधून आरोळी आली, "अरे, कोठार गेलं रे!"

हेमांगी धाकटीकडे धावली. "असं कसं होईल? सगळं आहे हिच्यात!"

होतंच. एकूण एक वस्तू धाकटीत जागच्या जागी होती.

"थोरली पडली हे धाकटीला सांगतं कोण?" सर म्हणाले.

"पहारेकरी आहे ना, सर. मीच लिहिलेला प्रोग्राम."

"राहतो कुठं तो?"

"थोरलीत."

मला हसू आवरेना. सर हसले नाहीत. त्यांनी एक पेढा तिच्या हातावर ठेवला, आणि एवढी ताठ पोरगी, पेढा हातात धरून रडायला लागली.

मग डोळे पुसून कामाला लागली. कोपऱ्यात सरांचा जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. पहारेकऱ्याला तिनं तिथं बसवलं. थोरली सुरू केली, आणि या खेपेला स्वतःच्या हातानं बंद केली.

धाकटी उभी राहिली. हॉलमध्ये कुणाला पत्ताही लागला नाही. खरं सांगतो, ती शांतता मला जरा खायलाच उठली. एकानंही आरडाओरडा केला नाही हो!

सर निघाले तेव्हा हेमांगी वाकून पाया पडली.

"सर, उद्या तुमच्या खुर्चीत बसायचं म्हणजे धास्तीच वाटते. पण काही अडलं तर तुम्ही आहातच. लगेच फोन करीन."

सर चपला घालता घालता थांबले. परत आत आले. करंड्यात उरलेलं कुंकू बोटानं टिपून त्यांनी स्वतःच्या कपाळाला लावलं. मग खिशातला फोन काढला, बंद केला आणि पुन्हा खिशात टाकला.

"सर…?"

"आज खंडेनवमी आहे, बाळ."